गाउन, शर्ट आणि सकाळी सातची साडी: एका खांद्याची केस

नागपूरला गोकुळपेठ मार्केटच्या मागच्या गल्लीत माझं छोटंसं दुकान आहे, ब्लाउज, फॉल-पिको, अल्टरेशन, एवढंच. बुटीक वगैरे म्हणायची हिंमत नाही, दोन मशीन, एक इंटरलॉक आणि एक मदतनीस मुलगी. ही केस सविस्तर लिहून काढायचं डोक्यात बरेच दिवस होतं, कारण खांदा, मनगट, गुडघा असलं काहीतरी झालं म्हणून साडी सुटलेल्या बायका माझ्याकडे येतच असतात आणि त्यांच्यासोबत आलेली माणसं एकच विचारतात, आता हिला काय सोपं पडेल? मीपण या केसमध्ये तिथूनच सुरुवात केली आणि चांगला महिनाभर वाया घालवला.

काकूंचं नाव देत नाही. त्यांना विचारलं तर म्हणाल्या, नाव नको लिहू, वय लिही. तर वय ७३. राहतात धरमपेठेत, घरी एकट्या, यजमान जाऊन आठ वर्षं झाली, मुलगा-सून पुण्यात. नोकरी टेलिफोन एक्सचेंजमध्ये, ऑपरेटर म्हणून लागल्या १९७२ ला, ट्रंक कॉलच्या, म्हणजे बाहेरगावचा फोन ऑपरेटरकडून जोडून घ्यायच्या काळात, आणि २०११ ला रिटायर झाल्या तेव्हा खात्याची बीएसएनएल कंपनी होऊन अकरा वर्षं झाली होती.

घटना अशी, जानेवारी २०२४, संक्रांतीचा आठवडा, सकाळी अंगणात सडा टाकताना पाय घसरला आणि उजव्या हातावर पडल्या. दंडाचं हाड खांद्याजवळ मोडलं. ऑपरेशन लागलं नाही पण सहा आठवडे हात झोळीत, मग फिजिओ. झोळी निघाली तेव्हा हात समोरून जेमतेम छातीपर्यंत उचलायचा, पाठीमागे तर जातच नव्हता, म्हणजे अंबाडा नाही, मागचे हुक नाही, पदर खांद्यावर टाकणं नाही, आणि परकराची नाडी बांधणं तर विसराच.

सून पुण्याहून आली होती. चांगली पोरगी आहे हे आधीच सांगते, नाहीतर वाचणारे लगेच सासू-सून सिरीयल लावतील. तिने चार गाउन आणले, समोर चेन असलेले, कॉटनचे, फुलाफुलांचे, त्यातल्या त्यात महागातले. डोकं लावून आणले होते, एका हाताने घालता येतील असे. काकूंनी घेतले, छान आहेत म्हणाल्या, आणि रात्री घालायलाही लागल्या. भांडण सकाळी सातनंतरचं होतं. सात वाजले की त्यांना साडीच पाहिजे.

मार्च महिन्यात दोघी माझ्या दुकानात आल्या तेव्हा काकूंनी काय घातलं होतं ते नीट सांगते, कारण पुढची सगळी केस त्यात आहे आणि मला ते तेव्हा दिसलं नाही. बॉटल ग्रीन रंगाची इतवारीतली साधी सुती साडी, बारीक मरून काठ, आणि ब्लाउजच्या जागी यजमानांचा जुना पांढरा फुल शर्ट. बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, कॉलर साडीच्या पदराखालून एका बाजूनं बाहेर. निऱ्यांच्या जागी लाकडी चिमटा, आपण दोरीवर कपडे वाळत घालतो तो. केस एकदम बारीक, पोराच्या कटसारखे, पांढरेशुभ्र. कानात मोत्याच्या कुड्या. माझी मदतनीस पोरगी कामं सोडून बघतच राहिली.

सून म्हणाली, ताई बघा ना, आई असं बाहेर निघतात, लोक काय म्हणतील, आणि त्यांना नेसायला पन्नास मिनिटं लागतात, घामाघूम होतात. तुम्ही काहीतरी सोपं करून द्या.

केसांचं मी विचारलं. लांब होते म्हणे कमरेपर्यंत, झोळीत हात गेला त्याच्या तिसऱ्या दिवशी पार्लरवालीला घरी बोलावून कापून टाकले. वाईट नाही वाटलं? तर म्हणाल्या, "काहून वाटंल? केस आपोआप उगवतात बाप्पा, साडी मी नेसते." हे वाक्य मी मापाच्या वहीत त्यांच्या पानावर वरच लिहून ठेवलंय.

माप घेताना मी त्यांना दोनदा विचारलं, इतकं कमी घेर चालेल ना, या वयात सैल बरं असतं. तर माझ्याकडे चष्म्यावरून बघून, "तू माझं माप घेऊन राहिली की माझं वय?" मग मी गप्प.

आता टेक्निकल भाग. रेग्युलर ब्लाउजचा मुंढा, म्हणजे बाही जोडायची काखेजवळची गोलाई, घट्ट असतो, बाही बसवलेली असते ती हात वर उचलून घालायच्या हिशोबानं. ज्याचा हात वर जात नाही त्याला ती बाही म्हणजे बोगदा. त्यात आपल्याकडे समोरच्या हुकाच्या ब्लाउजला उजवी पट्टी वर येते, म्हणजे उजवा हात ओढणार आणि डावा धरणार असं गृहीत. काकूंचा नेमका उजवाच बंद. म्हणजे तीन अडचणी, बाहीत हात जाणे, समोरून बंद करणे आणि बंद झाल्यावर उघडं न पडणे.

पहिला प्रयत्न, वेल्क्रो. मोबाईलवर बघितलं होतं. समोरची हुकाची पट्टी काढली, पूर्ण लांब वेल्क्रो लावला, एका हाताने चिकटतो, झालं. ट्रायलला आल्या, घातला, एकदा चर्रकन उघडला आणि माझ्याकडे असं बघितलं की मला घाम फुटला. "लहान पोट्ट्याच्या बुटासारखा आवाज येतो गं याचा." तरी घेऊन गेल्या. आठ दिवसांनी परत आल्या तेव्हा वेल्क्रोच्या काट्यांमध्ये सुती साडीचे तंतू भरलेले, पदराला दोन ठिकाणी दोरे ओढले गेलेले, आणि काटे भरले की तो धड चिकटतही नाही. आपल्याकडे घाम, कूलरची दमट हवा आणि सुती कपड्याचे सुटे तंतू या तिन्हीत वेल्क्रो टिकत नाही, हे मी आता छातीठोक सांगते.

दुसरा प्रयत्न, मॅग्नेटची बटणं. ऑनलाइन मागवली, महाग पडली. दिसायला झकास. पण एक तर लोहचुंबक छातीवर म्हटल्यावर आधी विचारायला पाहिजे की पेसमेकर आहे का, ज्यांना आहे त्यांना हे अजिबात नको. काकूंना नव्हता. पण पदर जरा ताणला गेला की मधलं बटण उघडायचं, आणि एकदा भाजी घेताना गोकुळपेठेतच उघडलं. शिवाय त्या बटणांना पदराची सेफ्टी पिन जाऊन चिकटायची. काकू हसल्या, मीच वैतागले.

या दोन ट्रायलच्या मधे एकदा दुपारी त्या एकट्याच आल्या, सून कुठेतरी बँकेच्या कामाला गेली होती. मी चहा मागवला आणि सरळ विचारलं, काकू, गाउन का नाही हो? घरातल्या घरात तरी?

त्यांनी गाउनची निंदा नाही केली. एक गोष्ट सांगितली. फेब्रुवारीत, हात झोळीत, सकाळी अकराला बेल वाजली, मीटर रीडिंगवाला की कोण होता. या गाउनमध्ये दार उघडायला गेल्या. तो पोरगा त्यांच्या डोक्यावरून आत बघत म्हणाला, "आजी, घरात कोणी आहे का?" म्हणजे ज्या घराचं बिल त्यांच्या नावानं येतं, ज्याचा टॅक्स त्या भरतात, तिथे त्या स्वतः दारात उभ्या असताना. दुसऱ्या दिवशी सिलेंडरवाला, तोच प्रश्न. तिसऱ्या दिवशी त्यांनी कपाटातून यजमानांचा शर्ट काढला, त्यावर साडी गुंडाळली चिमटा लावून, आणि दार उघडलं. त्या दिवशी कुरिअरवाला होता. "मॅडम, इथं सही करा" म्हणाला.

मला म्हणाल्या, "दिसायसाठी नाही गं. दिसायचं काय, मी चाळीस वर्षं अशा खोलीत बसली जिथं मला कोणी पाहतच नव्हतं."

मग एक्सचेंजचं सांगितलं. हेडफोन लावून बोर्डसमोर बसायचं, पलीकडच्या माणसाला फक्त आवाज. अर्जंट आहे, लाइटनिंग म्हणजे त्याहून तातडीचा कॉल आहे, कोणाच्या घरी मयत झालेली, कोणाला पोरगा झालेला, लोक रडतायत, शिव्या देतायत. नाइट ड्युटीला काही जणी घरच्या साडीत यायच्या, कोण बघतंय. या मात्र कांजी केलेल्या साडीत, पदर पिन करून. त्यांचं म्हणणं, चुरगळलेल्या साडीत बसलं की आवाज पण चुरगळतो. खरं खोटं मला माहीत नाही, पण फोनवर त्यांच्याशी बोललात तर आजही तुम्ही आपोआप सरळ बसता, एवढं मी अनुभवाने सांगते.

साड्यांचा त्यांचा हिशोबही वेगळा. रिटायर झाल्या त्या वर्षी कपाट रिकामं केलं, अकरा सुती आणि दोन रेशमी ठेवल्या, बाकी वाटल्या. तेव्हापासून एक नवीन आली की एक जाते. सगळ्या गडद रंगाच्या. यजमान गेल्यावर कोणीतरी फिक्या रंगाच्या दोन साड्या आणून दिल्या होत्या, त्यांचे खिडकीचे पडदे शिवले. हे त्या अगदी सहज सांगतात, बंडखोरीचा आव वगैरे काही नाही, पडद्याला फिका रंग छान दिसतो एवढंच.

तर परत केसकडे. एप्रिलच्या सुरुवातीला मी तिसरा प्रकार करणार होते, खांद्यावरून उघडणारा ब्लाउज, कच्ची शिलाई घालून मांजरपाटावर कापूनही ठेवला होता. काकू ट्रायलला आल्या, शर्ट घालूनच. मी म्हटलं पडद्यामागे जा, शर्ट काढा. आणि पडदा नीट ओढला नव्हता म्हणून मला दिसलं त्या शर्ट कसा काढतात ते. डावा हात आधी बाहेर, मग शर्ट पाठीवरून फिरून उजव्या बाजूला आला आणि दुखरा हात बाहीतून नुसता घसरून खाली. पाच सेकंद. घालताना उलट, दुखरा हात आधी, मग बाकीचं. हे फिजिओवाल्या मॅडमनीच शिकवलेलं, दुखरा हात घालताना पहिला, काढताना शेवटचा. पण ते जमत होतं शर्टामुळे. शर्टाचा मुंढा खोल, खांद्याची शिलाई दंडावर उतरलेली, पाठीला योक म्हणजे खांद्याखाली जोडलेली आडवी पट्टी, आणि पुरुषांच्या शर्टाची डावी पट्टी वर येते, म्हणजे डावा हात ती पट्टी घेऊन सरळ उजवीकडे आणणार. म्हणजे मला ज्या तीन अडचणी वाटत होत्या त्या तिन्ही त्या बाईने फेब्रुवारीतच सोडवून टाकल्या होत्या, कपाटातला एक शर्ट काढून, आणि मी, सून, मुलगा व्हिडिओ कॉलवर, आम्ही सगळे तो शर्ट कसा सुटेल यावर डोकं लावत बसलो होतो.

मी म्हटलं काकू तुम्ही बोलला का नाही? तर म्हणे, "तू विचारलं कुठं? तू म्हणे वेल्क्रो."

मग तो शर्टच घेतला मापाला. मांजरपाटावर त्याचा कच्चा ब्लाउज कापला. पाठीला योक ठेवला, खांदा एक इंच उतरवला, मुंढा खोल केला आणि बगलेत चौकोनी कळी घातली म्हणजे खोल मुंढ्याने ब्लाउज वर ओढला जात नाही. बाही कोपराच्या वर, जरा मोकळी. समोर शर्टासारखी पट्टी, वरून खोटी बटणं आणि आतून मोठी टिच बटणं, डावी पट्टी वर. टिच बटण अंगावर दाबून लागतं, ओढावं लागत नाही, एका अंगठ्याचं काम आहे, फक्त लहान घेऊ नका, मोठंच घ्या. उंची नेहमीपेक्षा दोन इंच जास्त कारण हात हलला की पोट उघडं पडायला नको. कॉलर मी काढणार होते, त्यांनी ठेवायला लावली. छोटी, उभी. "मानेला पिन टोचत नाही कॉलरनं."

परकराची भानगड मोठी निघाली. नाडी बांधता येत नव्हती म्हणून बाई येईपर्यंत थांबायचं, आणि कामवाली बांधायची ती गच्च. माप घेताना बघितलं तर कमरेवर काळपट वळ, गोल फिरलेला, पन्नास वर्षांचा असेल, एका जागी कातडी जाड झालेली. मी घाबरले, म्हटलं आधी डॉक्टरांना दाखवा. दाखवलं, काही नव्हतं, पण घासणं थांबवा म्हणाले. मग मी परकराला तीन इंचाचा रुंद योक केला, कंबरेवर सपाट बसणारा, बाजूला दोन मोठे हुक, नाडी नाहीच. नुसतं इलास्टिक नाही घातलं, कारण निऱ्यांच्या वजनाने ते खाली येतं, साडी नेसणाऱ्या सगळ्यांना माहीत आहे.

हे तेव्हा अंदाजानेच केलं होतं. पुढे नोव्हेंबर २०२४ मध्ये बातमी वाचली, वर्ध्याच्या आणि बिहारच्या मेडिकल कॉलेजमधल्या डॉक्टरांनी बीएमजे केस रिपोर्ट्समध्ये दोन वयस्कर बायकांच्या केस छापल्या होत्या, कमरेला वर्षानुवर्षं घट्ट बांधून बांधून जखम आणि त्या जखमेत त्वचेचा कॅन्सर, मार्जोलिन अल्सर म्हणतात त्याला. आणि हे काही नवीन नाही, १९४५ मध्ये खानोलकर आणि सूर्याबाई यांनी धोतराच्या कॅन्सरबद्दल लिहून ठेवलेलं. वाचलं त्या संध्याकाळी मी वहीतल्या सगळ्या साठीच्या वरच्या गिऱ्हाईकांना फोन केले. घाबरवायला नाही, असं दर वळाचं होत नाही, पण कमरेवर न भरणारी जखम किंवा खरखरीत डाग असेल तर दाखवा, आणि नाडी सैल बांधा, रुंद पट्टा करून घ्या, शिलाईला मी जास्त पैसे घेत नाही.

साडी कापून रेडीमेड करायची का हा प्रश्न आलाच. निऱ्या शिवून ठेवायच्या, मागे हुक, दोन मिनिटात नेसून होते, मी बऱ्याच जणींना करून देते. काकूंनी साफ नाही म्हटलं. साडीला कात्री नाही. पुढे कोणाला द्यायची तर अख्खी द्यायची, त्यांच्या आईच्या दोन आल्या त्या अख्ख्या आल्या. मग उपाय असा काढला की कोपऱ्यावरच्या प्रेसवाल्याला निऱ्या घालूनच इस्त्री करायला सांगितलं. पहिल्यांदा तो हसला, मग शिकला. साडी निऱ्यांसकट घडी होऊन येते, वर तोच लाकडी चिमटा, घरी फक्त कमरेभोवती फिरवायची, निऱ्या योकमध्ये खोचायच्या आणि चिमटा काढायचा. कांजी हलकी केली, आधीसारखी कडक नाही, जड पदर खांद्यावर टाकायला डावा हात पण थकतो.

मे महिना. त्या वर्षीचा मे नागपूरकरांना आठवत असेल, महिन्याच्या शेवटी रामदासपेठेतल्या एका ऑटोमॅटिक स्टेशनने ५६ डिग्री दाखवलं होतं आणि सगळीकडे बोंबाबोंब, नंतर हवामान खात्याने सांगितलं सेन्सर बिघडला होता. आपला खरा रेकॉर्ड २३ मे २०१३ चा, ४७.९, तो काय कमी आहे. त्या उन्हात मी सुनेच्या बाजूने झाले होते, हे कबूल करते. म्हटलं काकू निदान दोन महिने गाउन घाला हो, कोण येतंय उन्हात. त्यांनी नेसायची वेळ सातवरून साडेपाचवर आणली, कूलर लावून, आणि दुपारी बारा ते चार गाउन. बारा ते चार बेल वाजली तर उघडतच नाहीत, बाहेर पाटी लावली. "कोण म्हणते मी ऐकत नाही? चार तास दिले ना."

जूनमध्ये नेसायला अठरा मिनिटं लागायला लागली. घड्याळ लावून त्याच मोजतात. हात कानापर्यंत जातो, डोक्यावर अजून नाही आणि बहुतेक पूर्ण जाणारही नाही असं फिजिओवाल्या मॅडम म्हणतात. सून जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पुण्याला परत गेली. जाताना दुकानात आली आणि स्वतःसाठी तसाच एक कॉलरचा ब्लाउज शिवायला टाकून गेली, तिला ऑफिसला कॉटन साडी घालायची आहे म्हणे. मी काही बोलले नाही, माप घेतलं.

काय जमलं नाही तेही लिहिते. रेशमी साडी. जुलैमध्ये त्यांच्या मोठ्या बहिणीची पंचाहत्तरी होती, तिच्यासाठी त्यांनी करवतकाठी काढली, भंडाऱ्याकडची, टसरची, आईची. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, काठाला करवतीसारखे दाते असतात आणि काठ आणि अंग वेगळ्या धाग्याचं असल्यामुळे विणकर तीन धोटे चालवतो. टसर अंगावर फुगतं, निऱ्या इस्त्रीने बसल्या तरी नेसताना निसटतात, एका हाताने तिला आवरणं झालंच नाही. तीनदा प्रयत्न केला, मी घरी गेले होते. शेवटी नेसवून द्यायला मला म्हणाल्या. स्वतःहून. आणि मी निऱ्या घालताना आरशात बघत दर मिनिटाला सूचना, ती निरी मोठी झाली, ती तिरपी, काठ बरोबर घे, दाते दिसले पाहिजेत. मला वाटलं होतं त्यांना हे लागेल, मदत घ्यावी लागली म्हणून. पण त्यांचं सगळं लक्ष काठाकडे होतं.

हिशोब करायला ऑगस्टमध्ये आल्या. सहा ब्लाउज, चार परकर. परकराचे योक मी त्या चार गाउनपैकी दोन कापून केले होते, त्यांनीच दिले होते, चांगलं कापड आहे, वाया कशाला. म्हणजे हलक्या कांजीच्या बॉटल ग्रीन साडीखाली कमरेला गुलाबी फुलं आहेत हे फक्त मला, त्यांना आणि सुनेला माहीत. बिल बघितलं, चष्मा वर केला, पेन मागितलं आणि एका ओळीवर काट मारली.

"वेल्क्रोचे पैसे मी देणार नाही."

मी म्हटलं बरोबर आहे. मॅग्नेटचे निम्मे घेतले. पैसे मोजून ठेवले डाव्या हाताने, आणि निघताना दारातून परत वळल्या, पुढच्या ब्लाउजला आतून खिसा पाहिजे, मोबाईल मावेल असा, डाव्या हाताला सापडेल अशा जागी. जागा कुठे ते अजून ठरलेलं नाही. यावेळी आधी त्यांनाच विचारलंय, त्या म्हणाल्या विचार करून सांगते.